प्रवाळाचं पाणी

माधुरीला त्या पाण्याचा अगदी वीट आला होता. मे महिन्यात झाशीत नळाला सकाळी तासभर पाणी, आणि त्यातलं निम्मं नवऱ्याच्या, रत्नाकरच्या, टाकीपायी गटारात. साधे मासे असते तर तिने सोसलंही असतं. पण हॉलमध्ये काचेच्या टाकीत दोनशे लिटरचा खारा समुद्र होता, त्यात दोन केशरी मासे, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि हिरव्या बोटांचं जिवंत प्रवाळ. इथे माणसांना अंघोळीला पाणी पुरेना, आणि ह्यांना प्रवाळ हवं!

नळाचं पाणी क्षारांचं, ते प्रवाळाला सोसत नाही. म्हणून मोरीत गाळणयंत्र बसलं. एक बादली शुद्ध पाण्यामागे चार बादल्या वाया. माधुरीने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा रत्नाकरने, शेवटी कारखान्यातला इंजिनियरच तो, पंप लावून दाब वाढवला आणि चाराच्या दीड बादल्या केल्या. केवढा अभिमान! त्या दीड बादलीचं काय करायचं, ते मात्र माधुरीने बघायचं. फरशी त्याच पाण्याने, संडास त्याच पाण्याने, कूलरही त्याच पाण्याने. कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढला तो वेगळा. कामवाली रजनी तर रोज विचारायची, "दीदी, अब काहे में भरूँ? लोटा तक भर गया."

"मरू दे एकदाचं ते प्रवाळ!" असं माधुरी चार माणसांत म्हणून चुकली होती.

मग रत्नाकर कंपनीच्या कामाने आठ दिवस भोपाळला गेला. जाताना शुद्ध पाण्याचा प्लॅस्टिकचा कॅन दाखवून म्हणाला, "उन्हाने रोज तीन लिटर उडतं. तेवढंच घाल. बाकी कशाला हात लावू नकोस."

कॅनला प्लॅस्टिकचा वास येत होता. ओरछा गेटजवळच्या तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या प्यायचं पाणी तांब्याच्या भांड्यातच राहत आलेलं. एवढा आटापिटा करून शुद्ध केलेलं पाणी, आणि ठेवायचं असल्या डबड्यात? तिने माहेरचा हंडा चिंचेने लख्ख घासला, सगळं पाणी त्यात ओतलं आणि वर झाकण घातलं. रोज त्यातलं तीन लिटर मोजून घालायची. दुपारचा चहाही टाकीसमोर घेऊ लागली. कोळंबी काचेजवळ आली की "या बाईसाहेब" म्हणायची. हे अर्थातच कुणाला सांगायचं नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत प्रवाळाने बोटं आखडून घेतली. मालकाची आठवण येत असेल, असं तिला वाटलं.

रत्नाकर परतला त्या सकाळी कोळंबी तळाशी आडवी पडली होती.

दिवसभर त्याने मीठ तपासलं, तापमान तपासलं, नळाला शिव्या दिल्या. संध्याकाळी तो माधुरीकडे न बघताच म्हणाला, "तू काही घातलं नाहीस ना त्यात?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घातलं ना! विष घातलं! लिहून देऊ?"

त्याने मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. पलीकडचं बोलणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. "साहेब, तांबं गेलंय का कुठून? थोडंसं गेलं तरी कोळंबी पहिली मरते."

"आमच्याकडे कुठलं आलंय तांबं!" रत्नाकर म्हणाला.

माधुरीच्या पायाशीच हंडा होता. गप्प बसता आलं असतं. उद्या घासूनपुसून माळ्यावर टाकला की संपलं. आणि सांगितलं, तर 'मरू दे' म्हणणारी ही बाई, कोण विश्वास ठेवणार? तिला रडू यायला लागलं, आणि त्याचाच जास्त संताप आला. तिने हंडा उचलला आणि हॉलमध्ये त्याच्यासमोर आदळला.

"ह्यात ठेवलं होतं पाणी. आठही दिवस. चांगलं राहावं म्हणून."

रत्नाकर हंड्याकडे बघतच राहिला. "अगं, ते पाणी इतकं कोरं असतं की भांड्यातलं तांबं ओढून घेतं," तो हळूच म्हणाला. मग खाली बसला. "चूक माझीच. सांगायला हवं होतं. पण तू त्याच्यासाठी एवढं करशील, असं मला वाटलंच नाही."

संशय परवडला असता, पण हे वाक्य तिला फार लागलं. चार महिने ह्या घरात बादल्या कोण उचलतंय? पण तिने विचारलं भलतंच.

"प्रवाळ वाचेल?"

"उद्या नळ आल्या आल्या पाणी बदललं तर कदाचित. ऐंशी लिटर लागेल."

"म्हणजे वाया?"

"एकशेवीस." त्याने मान खाली घातली. "एवढं साठवायला जागाच नाही. गटारातच जाईल."

"जाऊ दे," माधुरी म्हणाली, आणि स्वतःवरच भयंकर चिडली.