शेफिकाच्या हातचं पितळ

मी एक जुनी पितळी हातचक्की आहे. बोस्नियातल्या नदीकाठच्या एका गावात, शेफिकाआजीच्या स्वयंपाकघरात मी कॉफी दळते. माझ्या अंगावर गुलाब कोरला आहे आणि त्याच्या शेजारी एक खोल पोच आहे. मित्रांनो, गुलाबाचं कौतुक सगळेच करतात. मी तुम्हाला पोचेची गोष्ट सांगते.

जन्मले तेव्हा मी चक्की नव्हते, तोफगोळ्याची पुंगळी होते. सरकारी कारखान्यात तरुण शेफिकाने मला लेथवर घडवलं आणि बुडावर आपल्या खुणेचा ठसा मारला. शेजारच्या लेथवर नेदेल्को असे. भिंतीवर लाल तारा होता. "शत्रू बाहेरून येईल," साहेब सांगत. कामगार दिनाला सगळे एकाच कढईतला घेवडा खात.

शत्रू बाहेरून आलाच नाही. देश आतूनच फाटला आणि आमच्याच तोफा आमच्याच टेकडीवर चढल्या. एका सकाळी दोन हातांनी मला तोफेत सारलं. माझ्या पोटात आग भडकली. गोळा गावाकडे गेला, मी चटके देत गवतात पडले. खाली नळावर रांग होती. आधी डबे उडाले, मग माणसं. पाण्यात रक्त मिसळलं आणि उतारावरून वाहत राहिलं. त्या रांगेत शेफिकाचा मुलगा सेनाद होता. त्याचा एक बूट सापडला, पायासकट. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती.

युद्ध संपल्यावर एका तांबटाने मला उचललं, पाती बसवली, दांडी लावली, गुलाब कोरला. बाजारात शेफिकाने मला पालथं केलं आणि बुडावर स्वतःची खूण पाहिली. "तूही उरलीस का गं?" म्हणाली, आणि मला घरी घेऊन आली. तेव्हापासून दळताना ती गुणगुणते:

दळिते काळे दाणे, पितळी जातं माझं
पाण्याला गेला बाळ, वाट पाहे दार माझं

कारखाना बंद पडला, तरी नेदेल्को दर कामगार दिनाला घेवड्याचं पातेलं घेऊन येई.

"शेफिका, आपल्या कारखान्याने जगाला काय दिलं गं?"

"मला पाठदुखी दिली. तुला तर तेवढंही जमलं नाही, आळशी मेल्या!"

दोघं पोट धरून हसत. पगाराच्या, समुद्राकाठच्या सुट्टीच्या गोष्टी निघत. टेकडीची गोष्ट कधीच निघत नसे. मला मात्र ते हात ठाऊक होते.

यंदा दोघं घेवडा खात असताना सेनादचा मुलगा अल्मिर, बाहेर कुणीतरी कान भरलेला, धाडकन आत आला. बापाला त्याने फक्त तसबिरीत पाहिलेलं.

"आजी, या म्हाताऱ्याला विचार, त्या उन्हाळ्यात कुठे होता!"

नेदेल्कोने चमचा खाली ठेवला. "वर. टेकडीवर. गोळे भरून देत होतो."

"आणि इतकी वर्षं इथे बसून कॉफी ढोसलीस?"

"सांगितलं असतं तर ही कॉफी बंद झाली असती रे."

अल्मिरने मला उचललं. पहिल्या घावात म्हाताऱ्याचा कान फाटला. दुसऱ्यात भुवईचं हाड कडकन वाजलं, आणि मला पोच पडली. नेदेल्को घेवड्यात कोसळला. तिसऱ्यासाठी हात वर गेला, तोच शेफिकाने ते मनगट धरलं.

"खाली ठेव ते पितळ! माझ्या हातचं आहे. एकदा माझ्याच लेकरावर चाललं. आता माझ्याच नातवाच्या हातून चालणार?"

अल्मिरने हात खाली घेतला. त्याने मला मोरीत धुतलं. पाणी लाल झालं.

आमच्याकडे पाहुण्याला आधी स्वागताची कॉफी देतात, मग गप्पांची, शेवटी निरोपाची. निरोपाची आली की उठायचं. शेफिकाने जखमेवर फडकं बांधलं, कॉफी दळली आणि एकच कप पुढे ठेवला.

"ही निरोपाची. पी आणि ऊठ."

कपात रक्ताचे थेंब पडत होते. नेदेल्कोने तळापर्यंत प्यायली. दाराशी ती म्हणाली, "पुढच्या कामगार दिनाला ये. पहिली कॉफी कुठली द्यायची, ते तेव्हा बघेन."

मित्रांनो, आता माझी दांडी त्या पोचेपाशी अडते, म्हणून शेफिका मला सावकाश फिरवते. मला घासा, पुसा, पण ती पोच ठोकून सपाट करू नका. आणि एवढं करा, मला रिकामी ठेवू नका. मूठभर तरी दाणे असू द्या माझ्यात. रिकाम्या पुंगळीत काय भरायचं, ते नेहमी दुसरंच कुणीतरी ठरवतं. अल्मिरलाही तसंच कुणीतरी भरलं होतं.