भिकाजीच्या होडीची आगगाडी

आगगाडी किनाऱ्यावर उभी होती आणि तिला सुकटीचा वास येत होता.

खालून ती भिकाजीची जुनी होडी. एके काळी रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढून घ्यायचं लांबलचक जाळं घेऊन दर्यात अर्धगोल फिरून यायची. आता कित्येक हंगाम वाळूत आडव्या टाकलेल्या ओंडक्यांवर बसून होती, माहेरी राहिलेल्या थोरल्या लेकीसारखी. वरून अक्षदाने ठोकलेलं प्लायवूड, त्यात कापलेल्या खिडक्या, भंगारवाल्याकडची एसटीची बाकं आणि बाहेर निळा रंग. रंग पुरला नाही म्हणून दर्याकडची बाजू कोरीच. तिकडून बघणार कोण? मासे.

अक्षदाच्या सिनेमाचं नाव होतं 'बोगद्यापलीकडे मरण'. धावती गाडी चार दरोडेखोर पळवतात, अशी गोष्ट. पण काळं जॅकेट एकच मिळालं, म्हणून दरोडेखोरही एकच उरला. कॅमेरा म्हणजे तिचा मोबाइल. प्रवासी म्हणजे वाड्यातल्या मासे विकणाऱ्या बायका. आणि गाडी हलवायला भिकाजीचे रापणकार, दोन्ही बाजूंना दोर धरून. ते दुपारपर्यंतच मोकळे होते. दुपारनंतर त्यांना खरी रापण ओढायची होती, आणि मासळी काही कुणाच्या शूटिंगसाठी थांबत नाही.

सकाळी भिकाजीने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज आमचा ह्या चेडू गाडी पळवता..."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"तेच्या वाटेत काय वाकडा-नाकडा आसात, तां बाजूक कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि गाडी रुळावरच रवांदे रे म्हाराजा!"

रूळ कुठेच नव्हते. तरी सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

ते काळं जॅकेट घातलं होतं दाजींनी. दाजी म्हणजे अक्षदाचे वडील, जन्मभर दशावतारात राक्षस झालेले. पखवाज घुमायला लागला, पायांतले चाळ वाजले आणि पडद्यामागून ती 'हाऽऽऽ' आली, की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरायची, मागच्या रांगेतले बाप्ये उगाच विडी शोधायचे. मग गुडघे गेले. कंपनी सुटली. आता अंगणात खुर्ची टाकून बसले, तर पायाजवळची कोंबडीसुद्धा बाजूला होत नव्हती.

अक्षदाने सिनेमा काढायचं म्हटलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "चेडवा, माका मानधन नको, हार नको. एकदाच, माका बगून एक तरी माणूस भियाक व्हयो. मगे मी खुशाल कोंबड्यांत बसान."

आणि सकाळपासून तेच होत नव्हतं.

पहिल्या वेळी दाजी दारातून आत शिरले, जत्रेतली बंदूक रोखली आणि ओरडले, "हात वर! गाडी माज्या ताब्यात आसा!"

दारालगतच्या बाकावर सुभद्रा होती. दाजींच्या शेजारची, बाजारात जिच्या आवाजाला पोलीसही भाव न करता पापलेट घेतात ती. ती सरकून म्हणाली, "दाजीनू, हंय जागा आसा. बसा."

"गो सुभद्रा, मी दरोडेखोर!"

"म्हणान काय झाला? दरोडेखोराक गुडघे नसतत?"

दुसऱ्या वेळी तिने विचारलं, "गुडघ्यांक त्याल लावलास काय रातीचा?" तिसऱ्या वेळी जॅकेटची चेन दाजींच्या गंजीफ्रॉकात अडकली, आणि अख्खा डबा पदर तोंडात कोंबून हलायला लागला. तोवर डबा हलला तो तेवढाच. बाहेर रापणकार आपापल्या मनाने दोर ओढत होते. एक ओढी तेव्हा दुसरा तंबाखू मळी.

मागच्या दारात निकेत उभा होता, वेळ पडली तर म्हणून आलेला. कसालला त्याचं मोबाइलचं दुकान. दंड असे, की शर्टाच्या बाह्या त्यांना घाबरून वर गेलेल्या. डोळ्यांवर स्वतःचा गॉगल. तो आपलेच दंड बघत होता.

अक्षदा वडिलांना बाजूला घेऊन गेली. तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून वाळूकडे बघत म्हणाली, "बाबानू, आता एकदाच. तेवढ्यात नाय जमला, तर बंदूक निकेतकडे देतंय."

दाजींनी जॅकेटवरची वाळू झटकली. जॅकेटवर वाळू नव्हती. "दी गो," ते म्हणाले. "तुजो सिनेमा आसा. बापाची हौस कित्याक भागवत बसतंस?"

आणि परत जाऊन दारात उभे राहिले.

"दोरवाल्यांनू, जोरात!" अक्षदा आतून ओरडली. "गाडी धावता आसा!"

दोर पुन्हा वेडेवाकडे ताणले गेले. होडी एकदा इकडे, एकदा कुठेच नाही. सुभद्राने ते थोडा वेळ सोसलं. पण जिचं बाळपण रापणीच्या दोराला धरून गेलं, तिला बेताल ओढ म्हणजे दातांत वाळू. तिने खिडकीतून डोकं काढलं. "रे मेल्यानू, एका सुरात ओढा!" आणि तिनेच सूर लावला:

"सोड गो वाळू, धर गो पाणी..."

"हैऽसा!" बाहेरून उत्तर आलं.

"दर्याची तू लाडकी राणी..."

"हैऽसा!"

"घोव बसलो दारात रुसून..."

"हैऽसा!"

"तूच हाड गो बांगडे उपसून..."

"हैऽऽसा!"

आता खरं सांगायचं तर यात कुणाचाच दोष नाही. या किनाऱ्यावरच्या हातांना हे गाणं कानातून ऐकू येत नाही, खांद्यातून ऐकू येतं. आणि ते एकाच कामाचं गाणं आहे, होडी दर्यात लोटायच्या. रापणकारांनी दोर टाकले आणि होडीला खांदे लावले. तंबाखू मळणाऱ्याने तंबाखू फेकली. आतल्या बायका जोरजोरात ओळी म्हणत होत्या, बाहेरचे हैसा घालत होते. खाली ओंडके कुरकुरले आणि फिरू लागले.

अक्षदाचा डोळा मोबाइलवर. आणि त्या चौकोनात तिला ते दिसलं, जे महिनाभर स्वप्नात दिसत होतं आणि परवडत नव्हतं. खिडकीबाहेरचे माड मागे पळत होते.

"वा!" ती किंचाळली. "काय धावता गाडी! थांबू नका!"

कोण थांबतोय! माड पळाले, वाळत घातलेली जाळी पळाली, भिकाजी पळाला. तो मागून धावत ओरडत होता, "रे, ती गाडी आसा! गाडी आसा ती!" पण हैसाच्या वर त्याचा आवाज चढेना. मग एक गार झुळूक आली, एक मऊ धक्का बसला आणि गाडी तरंगली.

क्षणभर सगळं गोड होतं. निळी आगगाडी निळ्या दर्यावर, शिट्टी तेवढी नव्हती.

मग पाणी आत आलं. कित्येक उन्हाळे खाऊन वाळलेल्या फळ्या त्या, सांध्यासांध्यातून झरे फुटले. मागच्या दारातून निकेत "आई गेऽ" म्हणून आत पडला. गॉगल समुद्राला गेला. बायका एकदम उठल्या आणि किनाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांकडे धावल्या. वर प्लायवूडचं ओझं, खाली अर्धी भरलेली होडी. गाडी कलंडली. अक्षदा घसरत त्याच खिडकीशी गेली, आणि तिच्या खांद्यामागे, खिडकीच्या चौकटीत, हिरवं पाणी वर आलं.

"बसा, बसा," दाजी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. अंगणातल्या माणसाचं कोण ऐकतं?

दाजींनी लेकीकडे पाहिलं. आणि मग पायांत चाळ नसताना, पखवाज नसताना, पोटाच्या पार तळातून ती आली.

"हाऽऽऽऽऽ!"

माडांवरचे कावळे उठले. किनाऱ्यावरचं कुत्रं दुसऱ्या एका होडीखाली शिरलं.

"जो हललो, तेचा काळीज काडून दर्याक घालीन! खाली बसा!"

सगळा डबा धपकन बसला. बाकावर नाही, पाण्यातच. आणि सुभद्राच्या तोंडून, तिला न विचारता, निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

"अर्धी जणां दर्याच्या बाजूक सरा! बसल्या बसल्या!"

"व्हय म्हाराजा!"

"जेवणाचे डबे उघडा! पाणी उपसा! निकेता, मेल्या, तू पयलो!"

"व्हय म्हाराजा!" निकेत म्हणाला आणि सोलकढीसकट डबा रिकामा करून उपसायला लागला.

गाडी सरळ झाली. छातीभर पाण्यात आलेल्या भिकाजीकडे दाजींनी बंदूक रोखली. "बगतंस काय? दोर फेक!" आणि आपल्याच होडीचा मालक तो, तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा!" दोर आला, बांधला गेला, आणि मोठी मासळी गावावी तशी आगगाडी रापणकारांनी किनाऱ्यावर ओढून काढली. या वेळी गाणं कुणी म्हटलं नाही. दाजी नुसते श्वास घेत होते, त्या तालावर ओढत होते.

सगळे वाळूवर बसले. भिजलेले, पावसात सापडलेल्या कोंबड्यांसारखे. मग कुणीतरी हसलं, आणि हसू लाटेसारखं पार टोकापर्यंत गेलं.

दाजी गुडघे चोळत होते. त्यांनी हळूच विचारलं, "कोण भियाला काय गो?"

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. या वाड्यात बुडालेलं कबूल करतील, भ्यालेलं नाही.

"मी?" सुभद्रा फणकारली. "ह्या म्हाताऱ्याक? मी भियाक नाय. पाणी थंड होता, म्हणान कापतंय. माका भिववणारो अजून जन्माक येवचो आसा, समाजलास? उगाच आपला..."

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग अक्षदाकडे वळले. तिचा मोबाइल अजून चालू होता.

"चेडवा," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, तान्ह्याला उठवू नये तसे, "तू 'कट' म्हण बगू एकदा. बंदूक रोखल्याधरना बगतंय, बिचारी हात खाली घेणा नाय."

सुभद्राने वर पाहिलं. तिचे दोन्ही हात, बांगड्यांसकट, आभाळाकडे ताठ उभे होते.