सतरा नंबरच्या पेटीत राहिलेली ओल्गा

एक चमचा, शेंगदाण्याच्या लोण्याने माखलेला.

टूथपेस्टची दबलेली नळी.

दारावर चार ओरखडे, एकमेकांना समांतर.

कुत्र्याचे खाणे, अर्धी पिशवी. कुत्रा मात्र घरी गेला.

खिळ्याने कोरलेली दोन नावांची अक्षरे : 'बी आणि जे'. पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी 'जे' घासून काढले.

पाटी : दार लावा. आत्ताच. हो, तुम्हीच.

पीठ आणि पाणी. वय, माझ्याहून जास्त.

मित्रांनो, हे सगळे माझे. काही पोटात होते, काही अंगावर आहे. मी जाड पत्र्याची एक पेटी, रंगाने तपकिरी, वयाने जुनी. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात सिडर बेंड नावाचा तंबूतळ आहे. तिथल्या सतरा नंबरच्या जागेवर, एका देवदाराजवळ मी बसले आहे. लोक मला अस्वलपेटी म्हणतात. माझ्यात अस्वल कधीच नसते. ते येऊ नये म्हणून मी आहे.

*

खाली सपाटीवरच्या एका वर्कशॉपमध्ये मला कापले, वाकवले, वेल्डिंगने जोडले. माझे चार पाय काँक्रीटमध्ये रोवले. मी येण्याआधी इथली अस्वले शेंग सोलावी तशी मोटारीची दारे सोलत आणि आत विसरलेल्या एका बिस्किटासाठी गादीसुद्धा फाडत. मग नियम झाला : ज्याला वास येतो ते सगळे पेटीत. जेवण, साबण, ओठांचे मलम, सगळे.

माझी कडी एका पत्र्याच्या ओठाखाली लपवलेली आहे. तिथे माणसाची बोटे जातात, पंजा जात नाही. एका सप्टेंबरमध्ये एक अस्वल अर्धा तास माझ्याशी झटत होते. ओरखडे तेव्हाचे. ते गेल्यावर तंबूतला माणूस बाहेर आला आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!" एवढेच तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली स्तुती तेवढीच, पण ती मला अजून पुरते आहे.

बाकी हेळसांडच. दार कोणी आपटते, कोणी उघडे टाकते. लोक माझ्यावर बसून बूट काढतात. खालच्या कडेला गंज चढला आहे.

*

व्हर्ना लिंडक्विस्ट दर ऑगस्टमध्ये येते. आता ती शहात्तर वर्षांची आहे. पूर्वी तिच्याबरोबर तिची आई असे, पुढे नवरा, आता मुलगा कर्टिस. जागा नेहमी सतरा नंबरची, तंबू हिरवा. आणि बरोबर एक बरणी, जिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेले असते : ओल्गा.

ओल्गा म्हणजे खमीर. पीठ आणि पाणी आंबवून जिवंत ठेवलेले. थोडे वापरायचे, उरलेल्याला पुन्हा पीठ-पाणी घालायचे, की ते परत फुगते. व्हर्नाच्या आईने ते लग्नाच्या वर्षी लावले होते. तेव्हापासून एकही उन्हाळा सकाळच्या आंबट धिरड्यांवाचून गेला नाही. इथले लोक त्यांना पॅनकेक म्हणतात आणि वर मेपलचा पाक ओततात.

तळ सोडायची व्हर्नाची एक रीत होती. तंबू झटकायचा, खुंट्या मोजायच्या, घडी घालायची. या कामात दोन तास जात. सगळ्यात शेवटी मी. पेटी रिकामी झाली की ती कमरेत वाकून डोके माझ्यात घालायची आणि ओरडायची, "कोणी राहिलंय का?"

तिचा आवाज माझ्या पोटात घुमायचा. मला ते फार आवडे.

*

या वर्षी तंबू आला नाही.

या वर्षी घरगाडी आली. बिछाना, शेगडी, फ्रीज, न्हाणी, सगळे चाकांवर. कर्टिसने ती भाड्याने आणली होती.

"ही गाडी आहे की दाताच्या डॉक्टरची खोली?" व्हर्ना पायरीवरूनच म्हणाली.

"आई, तुला जमिनीवरून उठवायला गेल्या वर्षी मी आणि दोन रेंजर लागलो होतो."

"एक रेंजर. दुसरा नुसता बघत होता."

संध्याकाळी ती बाकावर बसली आणि ओल्गाला पीठ घालता घालता मुलाला म्हणाली, "ऐक. हिवाळ्यात नऊ दिवस वीज नव्हती ना, तेव्हा घरी फ्रीजमध्ये ठेवलेली हिची जादा वाटी गेली. हिरवी बुरशी. आता ही एकच."

"मग नवीन लाव की. पीठ आणि पाणीच तर आहे."

व्हर्नाने चमचा खाली ठेवला. "तुझ्या आजीला जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या हातचं आता एवढंच श्वास घेतंय."

कर्टिसनेच बरणी उचलली. "फ्रीजमध्ये ठेवतो."

"फ्रीजमध्ये ती झोपते. सकाळी फुगणार कोण, तू? पेटीत ठेव."

पत्र्याच्या घरगाडीत खाणे ठेवायला इथे परवानगी आहे. पेटीचा नियम तंबूवाल्यांना. पण चाळीस वर्षांचा हात नियम विचारत नाही.

*

सकाळी धिरडी झाली. समोर एक नंबरच्या जागेवर डेल्बर्ट आणि आर्लीन हॅस्किन्स राहतात. सगळा उन्हाळा आपल्या घरगाडीत राहून ती दोघे या तळाची देखभाल करतात. त्यांनाही प्रत्येकी तीन धिरडी पोचली. डेल्बर्ट चौथे मागायला आला, तेव्हा आर्लीनने त्याला रस्त्यापलीकडून हाक मारून परत बोलावले.

मग व्हर्नाने ओल्गाला पीठ-पाणी घातले, झाकण सैल लावले, आणि तवा घासेपर्यंत माशा बसू नयेत म्हणून बरणी माझ्यात ठेवली. दार लावले.

तवा घासून झाला.

कर्टिसने एक बटण दाबले, दारापुढचे कापडी छत आपोआप गुंडाळले गेले. त्याने पायरी आत ढकलली. "आई, चल, बस."

"एवढ्यात?"

"एवढ्यात. खुंट्या नाहीत, घडी नाही. बघ, किती सोपं."

सात मिनिटे. गाडी वळली, धूळ उडाली, धूळ बसली.

मोडायला तंबूच नव्हता, म्हणून शेवटचे कामही नव्हते. डोके कोणी आत घातले नाही.

*

मित्रांनो, माझे सारे आयुष्य आत ठेवलेले जपण्यात गेले. पण मी लोखंडाची आहे. एक वाजल्यानंतर देवदाराची सावली माझ्यावरून सरकते आणि ऑगस्टचे ऊन सरळ पाठीवर येते. माझे पोट भट्टीसारखे तापू लागले. ओल्गा फुगली. झाकण वर उचलले गेले, पांढरट पीठ काचेवरून ओघळले, चिकटपट्टी झाकली गेली. थोडी ऊब तिला आवडते. फार झाली तर ती मरते. अस्वलाला मी अडवले होते. स्वतःच्याच पत्र्याला कसे अडवू?

पहिल्यांदाच मला वाटले, कोणीतरी यावे आणि माझे दार उघडे टाकून जावे.

*

अडीच वाजता आला तो रूबेन ओर्तेगा. एकटाच. शहरातल्या इस्पितळात नर्स. तंबू इतका नवा की किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती. त्याने माझी कडी शोधायला बराच वेळ घेतला, दार उघडले आणि तो मागे सरकला.

"शी! काय ठेवून गेलेत लोक!"

त्याने दोन बोटांनी बरणी उचलली आणि तो कचरापेटीकडे निघाला. कचरापेटी माझ्यापासून वीस पावलांवर आहे. मला सगळे दिसत होते. तोंड असते तर मी ओरडले असते.

पण मित्रांनो, ती कचरापेटी माझ्याच वर्कशॉपमधली. तिची कडीही पत्र्याच्या ओठाखाली. रूबेनने झाकण ओढले, ढकलले, खाली वाकून पाहिले, एक लाथही घातली. झाकण हलेना. शेवटी त्याने बरणी दगडावर ठेवली आणि हात पुसायचा म्हणून काचेवरचे पीठही पुसले. खाली नाव दिसले.

तो तसाच उभा राहिला. मग बरणी छातीशी धरून एक नंबरकडे गेला.

"माफ करा. पेटीत हे सापडलं. यावर कोणाचं तरी नाव आहे." त्याने आवाज खाली आणला. "राख तर नाही ना हो कोणाची?"

डेल्बर्टने बरणीत पाहिले. "राख फसफसते का रे?"

"मी फेकणारच होतो. तुमच्या कचऱ्याचं झाकण उघडेना."

"अस्वलालाही उघडत नाही," डेल्बर्ट म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

तोवर आर्लीन दाराशी आली होती. तिने बरणी पाहिली आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "देवा! ही तर व्हर्नाची! डेल, सरक. सावलीत दे तिला. पीठ कुठंय?"

"तू फोडलेल्या पिशवीत, तुझ्या बिस्किटांच्या मागे, जी मला माहीत नाहीत असं तुला वाटतं."

आर्लीनने नाक बरणीजवळ नेले. "उग्र झालीये. भुकेली आहे." मग कान काचेला लावला. मी रस्त्याच्या अलीकडे, दार सताड उघडे, ऊन पोटात घेत वाट पाहत होते.

"बोलतेय," आर्लीन म्हणाली. "आहे. जिवंत आहे."

माझा जीव भांड्यात पडला.

*

सव्वाचारला डेल्बर्टच्या वायरलेसवर फाटकावरचा रेंजर बोलला, ते सगळ्या तळाने ऐकले.

"सिडर बेंड, सतरा नंबरची पेटी बघा. तातडीचं. एक बाई पेट्रोल पंपावरून फोन करतेय, एकशे तीस मैलांवरून. रडतेय. काहीतरी बरणी."

"बरणी माझ्या टेबलावर आहे. बायको तिला जेवू घालतेय. मला अजून दुपारचं मिळालेलं नाही."

"बाईंना काय सांगू?"

आर्लीनने यंत्र त्याच्या हातातून घेतले. "सांगा, बरी आहे. सांगा, गाडी सावकाश चालवा."

*

गाडी सावकाश आली नाही. ऊन डोंगरामागे जायच्या आत कर्टिस परतला. व्हर्ना पायरी बाहेर येण्याआधीच उतरली, गुडघ्यांची पर्वा न करता. आर्लीनने तिच्या हातात बरणी दिली. व्हर्नाने झाकण उचलून वास घेतला, मग बरणी मांडीवर घेऊन ती बाकावर बसली.

"चूक माझी," कर्टिस म्हणाला. "मी घाई केली."

"तुझीच," व्हर्ना म्हणाली. मग, "नाही रे. डोकं आत घालायचं काम माझं होतं. हात लावायला काही उरलं नाही, तर मीही पाहुणीसारखी नुसती गाडीत जाऊन बसले."

"परत येताना तू बावीस मैल माझ्याशी बोलली नाहीस."

"मोजत होतास?"

"दुसरं करणार काय?"

व्हर्ना हसली. तिने आर्लीनकडे मुरंब्याची रिकामी बरणी मागितली आणि रूबेनकडे त्याचा कॉफीचा मग. दोन्हींत ओल्गा वाढली. "एकीवर भरवसा ठेवायचे दिवस गेले. तुम्ही दोघं घेऊन जा. आठवड्यातून एकदा पीठ घाला. मेली तर मला कळवा, मी परत देईन. माझी मेली तर मी तुमच्याकडे मागेन."

"मी इस्पितळात बारा तास असतो," रूबेन म्हणाला. "माझ्याकडे झाडंसुद्धा मरतात."

"हिला झाडाइतकं ऊन लागत नाही. आज दुपारी पाहिलंसच."

मग ती माझ्याकडे आली. माझ्यात आता रूबेनचे सामान होते : पाव, अंडी, साबण. तिने एक हात माझ्या पाठीवर ठेवला. पत्रा अजून कोमट होता. ती कशीबशी वाकली, डोके आत घातले आणि ओरडली, "कोणी राहिलंय का?"

"माझी अंडी!" मागून रूबेन घाईघाईने म्हणाला.

तळ भरलेला होता. रूबेनने त्यांना आपल्या जागेवर गाडी लावू दिली. एका जागेवर एक तंबू आणि एक घरगाडी चालते. व्हर्नाने त्याच्या खुंट्या पाहिल्या, नापसंतीने मान हलवली आणि कर्टिसला त्या पुन्हा ठोकायला लावल्या. सकाळी धिरडी झाली. डेल्बर्टला चौथे मिळाले.

निघताना बटण दाबण्याआधी कर्टिस स्वतः माझ्यापाशी आला. आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, हे त्याने पाहिले, आणि डोके आत घातले. ओरडला नाही. हळूच विचारले.

*

मित्रांनो, माझ्या कडेचा गंज वाढतो आहे. पुढच्या वर्षी नव्या पेट्या येणार, असे डेल्बर्ट म्हणतो. येऊ देत. मी कुठे जाईन ते मला ठाऊक नाही, आणि त्याची मला फारशी काळजीही नाही. ओल्गा आता तीन घरांत आहे.

मागणे एवढेच. तंबू असो की घरगाडी, निघणे कितीही सोपे होवो, निघताना जरा थांबा. वाका. डोके आत घाला आणि विचारा. लोखंडाला उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्हीच नीट पाहा. आणि मग दार लावा. हो, तुम्हीच.

१९८१ सालच्या ऑगस्टमध्ये मला इथे बसवले, तेव्हा माझा रंग पुरता वाळला नव्हता; माझ्यात ठेवलेली पहिली वस्तू ती बरणी होती.