सनदचा जुना किनारा

"माझ्या रेषेला रबर लागत नाही," असं जगदीश गमरे म्हणायचा, आणि ते खरंच होतं. बहारीनला येऊन अकरा वर्षं झाली. तेल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून त्यानं मैलोगणती पाइपलाइनी आखल्या, पण प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सही दुसऱ्याचीच. दर चौदा एप्रिलला भाड्याच्या हॉलमध्ये तो जयंतीचा देखावा उभारायचा. थर्माकोलचा स्तूप, पुठ्ठ्याचं चवदार तळं. आपलं म्हणावं असं तेवढंच.

म्हणून शहाण्णव साली कंपनीच्या क्लबनं देखावा मांडायचा ठरवला तेव्हा तो पहिल्याच दिवशी हात वर करून मोकळा झाला. चाळीस सालच्या ऑक्टोबरात इटालियन विमानांनी रात्री येऊन इथल्या रिफायनरीवर बाँब टाकले होते, बहुतेक वाळूतच पडले. ती रात्र बारा फूट बाय आठ फुटांत मांडायची. कायमची, खाली पितळी पट्टीवर रचनाकाराचं नाव. कमिटीचा सेक्रेटरी वसईचा मायकल. तो म्हणाला, "गमरे, बुधवारी सकाळी आराखडा दाखव. पसंत पडला तर पट्टीवर तुझं नाव. चुकलास तर मी बाहेरचा माणूस बोलावीन हां."

"बाहेरच्याला चहा पाजून परत पाठव," जगदीश म्हणाला.

मंगळवारी संध्याकाळी सनद गावातल्या त्याच्या भाड्याच्या घरी, जमिनीवर कागद पसरला होता. रिफायनरीच्या टाक्या, टेकड्या, तुबलीचा उपसागर, आणि सनदची घरं, एकेक घर तांदळाच्या दाण्याएवढं. ऑफिसातल्या नव्या सर्व्हेवरून त्यानं किनारा केसभरही न हलवता उतरवला होता.

"व्हेअर आर द पीपल, पप्पा?" श्रावस्तीनं विचारलं.

"माणसं मापात बसत नाहीत, बाळा. दिसायचीच नाहीत."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून घरमालकीण मुनीराखाला खजुरांची ताटली घेऊन आली. तिचा जन्म सनदचाच. वाकून ती आपलं घर शोधू लागली. बोट फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं.

"मेरा घर इधर. पर ये रास्ता क्यों? इधर समुंदर था."

"खाला, समुंदर उधर है. सर्व्हे में देखा मैंने."

"सर्व्हे छोटा है, मैं बड़ी हूँ," खाला म्हणाली. मग खाली बसली. त्या बाँबच्या रात्री धमाके झाले, तशी तिची आई तिच्यासकट चौघा पोरांना घेऊन मागच्या दारानं निघाली, ती थेट तिवरांच्या झाडीत. गुडघाभर पाण्यात ती पाच जणं पहाटेपर्यंत उभी. "मफी लाइट, मफी आवाज. कुछ नहीं. सिर्फ़ पानी."

खाला गेली. जगदीश रेषेकडे बघत राहिला. ओट्याशी त्याची बायको पुष्पलता पीठ मळता मळता गुणगुणत होती. ओवी माहेरची, पण शब्द रोज नवे जोडायची:

*खाडीच्या काठी बाई, तिवर उभं राहे,*
*पाणी गेलं सोडून, मूळ वाट पाहे.*

जगदीश उठला आणि चपला न घालताच खाली गेला. घरामागं गॅरेजच्या भिंतीला लागून काळी खुंटं होती. तीन वर्षं त्यावर तो गाडी धुवायचं फडकं वाळत घालत होता. गुहागरच्या खाडीकाठी वाढलेला माणूस, आणि तिवराचं खोड ओळखलं नाही. टाचेनं माती उकरली. शिंपल्यांचा चुरा निघाला.

जमीन भरावाची होती. चाळीस सालच्या रात्रीखाली त्यानं शहाण्णवचा किनारा आखला होता.

बुधवारी कमिटीनं कागद पाहिला, माना डोलल्या. मायकल सहीला पेन काढणार, तोच जगदीशनं खिशातून रबर काढलं.

"एक मिनिट. हा किनारा चूक आहे. माझाच."

मायकलनं मराठीत, हळूच म्हटलं, "अरे वेड्या, कुणाला कळलं नव्हतं. सही होऊ दे की."

"सनदला कळलं असतं."

सगळ्यांदेखत त्यानं आपली रेघ पुसली. नवी रेघ खालाच्या मागच्या दारापर्यंत आणली, तिवरांचे ठिपके दिले, आणि पाच जणांची ती रात्र जशी ऐकली तशी सांगितली. मग अध्यक्षांनी विचारलं, ही माहिती कुठल्या कागदात आहे?

"कागदात नाही, साहेब. माझ्या घराखाली राहते. उद्या घेऊन येतो."

अध्यक्ष हसले आणि त्यांनी सही केली. मायकलनं पट्टीचा मजकूर लिहून घ्यायला वही उघडली. "बोल. रचना, जगदीश गमरे. बस?"

"त्याच्यावर एक ओळ घाल. किनारा, मुनीरा, सनद."

"पहिली ओळ तिची?"

"पाणी आधी होतं," जगदीश म्हणाला. "मी मागाहून आलो."

घरी पोचल्या पोचल्या तो स्वयंपाकघरात शिरला आणि डबे उघडू लागला.

"काय शोधताय?" पुष्पलतेनं विचारलं.

"मोहरी आहे का?"

"फोडणीला?"

"नाही गं. पाच दाणे दे. माणसं करायचीत."

"मापात बसत नाहीत ना?"

"मग माप जरा सरकून बसेल," तो म्हणाला, आणि तळहात पुढं केला.