गुबगुबीत

काचेच्या कपाटात हात घालून तिनं चिमटा दिव्याच्या ज्योतीतून फिरवला, निवू दिला आणि जवसाच्या पेशींचा एक मऊ, पांढरा गोळा उचलून नव्या बशीतल्या ताज्या जेलीवर ठेवला. शेजारी स्टुलावर बाबा उसना ॲप्रन चढवून बसले होते.

"कंपाउंडर वाटतोय का गं मी?"

"इकडे तोंड करून बोलू नका, बाबा. जंतू जातात."

"म्हणजे तुझी आई आली असती तर तोंडाला चिकटपट्टीच लावली असतीस."

ती हसली नाही. आईला जाऊन दीड महिना झाला होता. आपली लेक जवसाच्या पेशी वाढवून त्यातून कॅन्सरच्या औषधाला लागणारं द्रव्य काढते, हे आईनं दवाखान्यात आयाबायांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. तिचं बघायचं राहिलं, म्हणून आज बाबा आले होते.

"हे बघ कसे टरारलेत," बाबांनी काचेबाहेरून बोट दाखवलं. "यांच्यातूनच निघणार ना?"

"नाही. हिरवट, खडबडीत गोळे असतात, त्यांच्यातून निघतं. हे नुसते वाढतात."

"मग ते कुठायत?"

"संपले." तिनं चिमटा खाली ठेवला. "दर खेपेला नव्या बशीत हलवताना आम्ही हेच निवडत गेलो. तब्येतीनं बरे दिसत होते म्हणून. आता तपासलं तर द्रव्य नावालाही नाही. पुन्हा बी रुजवण्यापासून सुरुवात." मग जरा थांबून म्हणाली, "आम्ही म्हणजे मीच."

"एवढं शिकून..." बाबा हसायला गेले.

तिनं बशीवर झाकण ठेवलं.

"बाबा, आईचा तो खिडकीजवळचा फोटो तुम्हीच काढला होतात ना?"

"हो."

फोनवर आलेल्या त्या फोटोतले आईचे भरलेले गाल बघून तिनं उलट मेसेज केला होता, 'काय गं, गुबगुबीत झालीस! आता मला घोर नाही.' आणि मंजूर झालेली रजा पुढे ढकलली होती. रजेआधीच आई गेली.

"ती सूज होती," ती म्हणाली.

"तिला कळलं होतं की. मी म्हटलं, पोरीला फोन करून सरळ सांग, येईल धावत. तर म्हणे, सांगायला कशाला हवं, नुसता फोटो पाठवा. बारकाईनं बघण्यात आपल्या पोरीचा हात धरेल का कुणी?"

"आणि माझा मेसेज आला तेव्हा?"

बाबा ॲप्रनची बटणं सोडू लागले.

"काही नाही. घाईत बघितला असेल म्हणाली."

ती घाईत नव्हती. सुट्टीची दुपार होती. गादीवर लोळत, दोन बोटांनी मोठा करकरून तिनं तो फोटो बघितला होता.