दुकान चालू आहे

"बाबा, सगळं जमवत बसलात तर तोवर दुकानाला कुलूप लागेल. आत्ता नाव, काम आणि फोन नंबर एवढंच टाकते. बाकीचं मागाहून."

लेकीने लॅपटॉप दुरुस्तीला उघडलेल्या एका शिलाई मशीनशेजारी ठेवला होता. मिस्त्रींना वेबसाइटवर जुने फोटो हवे होते, गिऱ्हाइकांचे चार शब्द हवे होते. पण धंदा पार बसला होता आणि महिनाअखेर जागा ठेवायची की सोडायची ते मालकाला सांगायचं होतं. बुडत्याला काडीचा आधार.

"टाक," ते म्हणाले.

"नंबर?"

"आईचा. त्यात विचारायचं काय?"

वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. मिस्त्रींचे हात कायम तेलात, म्हणून फोन घरी बायको घ्यायची. कुणाची मशीन, काय बिघडलंय, कुठे जायचंय, सगळं तिला तोंडपाठ. "दुकान मी चालवते, हे नुसते स्क्रू पिळतात," असं ती पाहुण्यांना सांगायची आणि मिस्त्री खुशाल हसायचे.

हल्ली ती विसरायला लागली होती. कधी दुधाखालचा गॅस, कधी शेजारणीचं नाव. वय झालं, असं म्हणून मिस्त्रींनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. परगावच्या लेकीलाही कळू दिलं नाही. ती वेबसाइट सुरू करून परत गेली.

मिस्त्री रोज घरी आल्या आल्या विचारायचे, "कुणाचा फोन?"

"छे हो, कुणाचाच नाही."

महिना सरला. जागा सोडतो, असं मिस्त्रींनी मालकाला सांगून टाकलं. शेवटच्या दिवशी ते सामान बांधत असताना शिवणक्लासच्या एक बाई तणतणत आल्या.

"तुम्हीच ना ते वेबसाइटवाले? क्लासच्या सगळ्या मशिनी बंद पडल्यात. कितीदा फोन केला! तुमच्या बाई गोड बोलतात, 'उद्या सकाळी येतील हं' म्हणतात, आणि कुणी फिरकत नाही. मैत्रिणीलाही हाच अनुभव. शेवटी दुसरा माणूस लावला मी."

मिस्त्रींनी हातातलं सामान खाली ठेवलं. कामं आली होती. दुकान तरलं असतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. ती रडली, चिडली. "मला का नाही सांगितलंत, बाबा? आता बंदच करते ती वेबसाइट."

"थांब. घरी जाऊन सांगतो."

घरी ते हात धूत होते, तेवढ्यात फोन वाजला. बायको सावरून बसली. आवाज अगदी पूर्वीचा, खणखणीत.

"हॅलो! हो, दुकान चालू आहे ना. दोरा तुटतोय? काळजी करू नका, उद्या सकाळी येतील हं."

किती दिवसांनी तिचा चेहरा असा उजळला होता. मिस्त्रींनी हात पुसले.

"कुणाचा फोन?" त्यांनी विचारलं.

"कुठे काय? कुणाचाच नाही."

त्यांनी लेकीला कळवलं, "राहू दे चालू." मग बायकोचा फोन उचलून ते बाहेरच्या पायरीवर गेले. शेवटचा नंबर त्यांनी स्वतः लावला. हात स्वच्छ होते.

"माफ करा, दुकान बंद झालंय. तुम्ही दुसरीकडे बघा."

आतून हाक आली, "अहो, कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही," मिस्त्री म्हणाले.