कडीची खूण

शेवंतीला बोलता येत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं, पण ती वेडी नव्हती. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत मी हे अकरा वर्षं सांगत होते आणि अकरा वर्षं माणसं नुसती मान डोलवत होती. मान डोलवायला काय जातं?

तिचा थोरला भाऊ दत्ताराम कामावर जाताना तिला मागच्या खोलीत कोंडायचा आणि बाहेरून कडी घालायचा. पाणी ठेवायला विसरला, तर दिवसभर पाणी नाही. तिनं दार वाजवलं, तर संध्याकाळी मार. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे ते वाजवणं मला ऐकू यायचं. १९५४च्या फेब्रुवारीत तिच्या दंडावर तापल्या उलथन्याचा डाग दिसला, तेव्हा मी तिचा हात धरला आणि सरळ पोलीस चौकी गाठली. आधीच का गेले नाही, याची लाज मला आजही वाटते.

खटला अंधेरीच्या कोर्टात उभा राहिला. पिंजऱ्यातून दत्तारामनं हात जोडले. "साहेबांनू, ती चुलीर पडली. तिका काय समाजता?"

बघणारं दुसरं कोणी नव्हतं. मी फक्त आवाज ऐकले होते. शेवंतीची साक्ष धरली नाही, तर तिला त्याच घरी, त्याच खोलीत परत जायचं होतं.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी एक जाडं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. बोलता न येणाऱ्या माणसानं भर कोर्टात खुणांनी साक्ष दिली, तर ती तोंडी साक्षच समजायची. कायदा ऐंशी वर्षांपूर्वीचा. इतकी वर्षं तो कुठल्या कपाटात बसला होता, देव जाणे. ठरलं असं, की शेवंती खुणा करील आणि मी त्यांचा अर्थ सांगीन. या खुणा तिच्या आईनं, जानकीबाईंनी, गावाकडे तिच्या लहानपणी बसवलेल्या. मी त्या नळावर पाणी भरता भरता शेवंतीकडूनच शिकले होते.

दत्तारामचे वकील श्यामसुंदर उठले. "साहेब, हे नुसते हातवारे आहेत. याला भाषा म्हणत नाहीत. या बाई आपल्या मनातलं तिच्या नावावर खपवतायत."

"मग बघूया," साहेब म्हणाले. "रत्नप्रभाबाई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

व्हरांड्यात उभी राहून मी नुसती धुमसत होते. पाच मिनिटांनी मला आत बोलावलं.

"तुम्ही नव्हतात तेव्हा इथे काय झालं, ते तिला विचारा."

मी विचारलं. शेवंतीनं मनगटाला हात लावून साहेबांकडे बोट केलं, मग टेबलाशी बसलेल्या शिरस्तेदारांकडे, आणि एक तळहात फायलींकडे दाखवून दुसऱ्याखाली सरकवला.

"तुम्ही घड्याळ काढलंत," मी सांगितलं. "शिरस्तेदारांनी ते फायलींच्या खाली ठेवलं."

साहेबांनी मान हलवली. पण शेवंती थांबली नव्हती. तिनं डावा तळहात उभा धरला, उजवं बोट त्यावरून आडवं सरकवलं, पुन्हा मनगटाला हात लावला आणि पिंजऱ्याकडे बोट केलं.

"साहेब, ही कडीची खूण. ती म्हणते, सगळे घड्याळाकडे बघत होते तेव्हा भावानं तिला ही खूण केली. घरी चल, कोंडतो, म्हणाला."

"साहेबांनू, मी काय एक करूक नाय," दत्ताराम घाईघाईनं म्हणाला.

पिंजऱ्याशी सहदेव हवालदार उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं.

"केलं ना साहेब," सहदेव म्हणाला आणि त्यानं तसंच बोट सरकवून दाखवलं. "मला वाटलं, हात खाजवतोय."

साहेब वकिलांकडे वळले. "ही भाषा नाही म्हणालात. मग तुमचा अशील आत्ता तिच्याशी कशात बोलला?"

श्यामसुंदर वकील कागद चाळत खाली बसले. त्यानंतर शेवंती तासभर बोलत होती आणि कोणी तिला अडवलं नाही. पाण्याचं, माराचं, उलथन्याचं, सगळं तिनं सांगितलं. अंधार पडायच्या आत पोरीनं दार नीट लावून घ्यावं, म्हणून जानकीबाईंनी दोघा भावंडांना कडीची खूण शिकवली होती, तेही तिनंच सांगितलं. ते सांगताना मला रडू आलं. तिला नाही आलं.

दत्तारामला शिक्षा झाली. शेवंती माझ्याकडे राहायला आली. पहिल्या संध्याकाळी मी दिवा लावत होते. ती उठून दाराशी गेली, माझ्याकडे बघून तिनं तीच खूण केली आणि स्वतःच्या हातानं आतून कडी घातली.